बाजरीत टांगलेल्या छात्या

बाजरी चिकात आली की आमच्या आईचा दरवर्षी तोच हुकूम सुटतो. "संपत, काय बी टांग. डबं टांग, माझं जुनं लुगडं टांग, तुझा तो भोकाचा शर्ट टांग. पर छात्या टांगू नको." ओसरीवर एखादा नवा पाहुणा बसलेला असला की चहा त्याच्या घशात अडकतो. मग मला खुलासा करावा लागतो, की बाबा, मी आळेफाट्याला एक्स-रे काढतो, छात्या म्हणजे छातीच्या फिल्मा, आम्ही कुणाला मारून बिरून टांगत नाही. पाहुणा हसतो, पण कप खाली ठेवून जरा लांब सरकतो.

यंदाही बाजरी आली आहे. येडगावच्या धरणातून कालव्याला पाणी सुटलं, चैत्र तापला, आणि बघता बघता ती माझ्या डोक्यावर गेली. कणसावर अजून तो पिवळट फुलोरा आहे, हात लावला की बोटांना चिकटतो. दाणा नखानं दाबला तर पांढरा चीक येतो, जिभेला किंचित गोड लागतो. ही गोडी आपल्याला कळायच्या आधी पाखरांना कळते. सकाळी उठून बघावं तर चिमण्यांची पंगत बसलेली. पोपटांचं तर विचारूच नका. कणीस अर्धं खातात, अर्धं खाली टाकतात, आणि हाकललं की आपल्यालाच शिव्या देत जातात. मी बांधावर उभा राहून पत्र्याचा डबा बडवतो. वाऱ्याबरोबर बाजरीचा तो कोरडा, धुळकट वास नाकात जातो आणि करोनाचा दुसरा उन्हाळा आठवतो. लोकांना तो उन्हाळा सॅनिटायझरच्या वासानं आठवत असेल. मला बाजरीच्या फुलोऱ्यानं आठवतो. आता ह्याला काय म्हणायचं ते म्हणा.

छात्या शेतात कशा गेल्या ते आधी सांगतो. चूक माझीच. आमच्या धंद्यात न नेलेल्या फिल्मांचा ढीग साचतो. पूर्वी लोक फिल्म जपायचे. खाकी पाकिटात घालून गादीखाली ठेवायचे, लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवायचे. आता मोबाइलात फोटो काढतात आणि म्हणतात, "ऱ्हाऊ द्या भाऊ तुमच्याकडंच." त्यात पुन्हा बाद झालेल्या फिल्मा. कुणी ऐन वेळी खोकला, कुणी हलला, कुणी "आता काढला का?" असं विचारायला तोंड फिरवलं. कपाटाचं दार लागेना, तेव्हा मी त्या गोणीत भरल्या आणि मोटरसायकलवर टाकून घरी आणल्या. फिल्म वाऱ्यावर कडकड वाजते, उन्हात चमकते. पाखरं राखायला ह्याहून चांगलं काय, असा माझा हिशेब. पन्नास-साठ फिल्मा काठ्यांना सुतळीनं बांधल्या आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन त्यांच्या मागून आलं आणि मी बांधावर उभाच राहिलो. सगळी बाजरी बरगड्यांनी भरलेली! निळसर काळ्या फिल्मांतून उजेड आरपार येत होता, मधे प्रत्येकाचं काळीज जरासं डावीकडं कललेलं, आणि खाली हिरवं पीक डुलतंय. खोटं कशाला बोलू, मला ते फार सुंदर दिसलं. ज्या माणसांना मी रोज बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, कोंबडीवरून भांडताना ऐकतो, ती सगळी आतून एकसारखी. गप्प. एकाच वाऱ्यावर हलणारी. माझे डोळे जरा भरून आले, तेवढ्यात एक साळुंकी येऊन एका छातीच्या काठीवर बसली आणि खालचं कणीस खायला लागली.

पाखरं घाबरली नाहीत ती नाहीतच, माणसं मात्र पेटली. फिल्मवर नाव असतं, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. आमच्या बांधाला बांध लागून वडिलांचे चुलतभाऊ दगडूभाऊ यांचं रान आहे. ते सकाळी लोटा घेऊन निघाले आणि बाजरीपाशी थांबले. मान वाकडी करून एकेक नाव वाचू लागले.

"संपत, ही छाती माझी हाय."

"तुमचीच आहे भाऊ. तुम्ही न्यायला आलाच नाहीत."

"ते ऱ्हाऊ दे. ती वरली कोनाची?"

वरची त्यांच्या सख्ख्या भावाची, भिवाची होती. दोघांत विहिरीवरून दहा वर्षं बोलणं नाही. दगडूभाऊंनी लोटा खाली ठेवला. "भिवा वर आन् म्या खाली? थोरला कोन हाय घरात?" मी काठ्या बदलल्या. दुपारी भिवा आला, त्यानं नुसतं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा काठ्या बदलल्या. शेवटी दोघांना एका रांगेत, एका उंचीवर बांधलं. तरी दोघंही रोज वेगवेगळ्या वेळी येऊन उंची तपासून जायचे. गावात कुणी दुखण्यातून उठला की 'आता आमच्या माणसाची छाती उतरव' म्हणत त्याच्या घरचे फिल्म मागायला यायचे आणि मी विळा घेऊन ती तोडून द्यायचो.

मग तो एप्रिल आला. फाट्यावरची हॉटेलं बंद, गॅरेजं बंद, नाशिककडं जाणाऱ्या एसट्या बंद. एवढा मोठा फाटा, पण चिटपाखरू नाही. उघडं काय, तर मेडिकल आणि आमचं सेंटर. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर छातीच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना, दहा खाटांचा. त्या बाई त्या उन्हाळ्यात कधी जेवायच्या, कधी बसायच्या, देव जाणे. सिटी स्कॅनचं मशीन आमच्याकडं नव्हतं. ते लांब, आणि तिथं रांग त्याहून लांब. मॅडम एक्स-रे बघायच्या, बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र बघायच्या, आणि माणसाच्या तोंडाकडं बघायच्या. या तीन गोष्टींवर त्यांनी तालुका सांभाळला.

हा आजार फिल्मवर कसा दिसतो, ते त्यांनीच मला शिकवलं. साधा न्यूमोनिया एका जागी घट्ट बसतो, पांढरा गोळा. हा तसा नाही. दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला, कडेकडेनं येतो, आणि आरशावर तोंडाची वाफ धरावी तसा पुसट दिसतो. मला कळलं तसं ते रांगेतल्या लोकांनाही कळलं. महिनाभरात फाट्यावरचा टायरवालासुद्धा फिल्म उन्हाकडं धरून सांगायला लागला, "कडंनं धुरकाटलंय जरा, पर वर मोकळं हाय. घाबरू नका पावणं." आणि त्याचं बरोबर यायचं, हे जास्त वाईट.

हसू येणार नाही असे दिवस होते ते, पण हसू यायचं. एक्स-रेला अंगावरचं धातूचं सगळं काढावं लागतं, हे मी घसा फोडून सांगायचो. आज्या ताईत काढायच्या नाहीत. एक बाबा आले, धिप्पाड, आतल्या बंडीला खिसा. मी विचारलं, खिशात काही? म्हणाले, काय नाय. फिल्म वर गेली आणि मॅडमची हाक आली, "संपतराव, हा गोल, चकचकीत, कडा कोरल्यासारखा, हा कुठला विषाणू हो?" मी बघितलं. चुन्याची डबी. बाबा म्हणाले, "तुमी खिशात काय हाय इचारलं. डबी तर कायमचीच असती."

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ह्या सगळ्याची मजा वाटायची. आबा सत्तरी ओलांडलेले, उभं आयुष्य बैलगाडा शर्यतीच्या घाटात गेलेलं. बैल कुणाचा आणि घाट कुठल्या गावचा, एवढंच त्यांना विचारावं. "म्या उभ्या जन्मात सुई टोचून घेतली नाय," हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचंच. त्यामुळं त्यांना खोकला आला तेव्हा त्यांनी तो बाजरीच्या फुलोऱ्यावर ढकलला. ताप उन्हावर ढकलला. चव गेली तेव्हा आईच्या स्वयंपाकावर ढकलली, आणि तिथं मात्र फसले. आई म्हणाली, "भाकरीत काय नाय गेलं, तुमच्या जिभंचं गेलंय. संपत, गाडी काढ."

बायको आणि मुलं मी आधीच मंचरला सासरी पाठवली होती. आबांना मागं बसवून सेंटरला आणलं. तपासणी झाली, करोना निघाला. मग मी त्यांना एक्स-रेच्या खोलीत उभं केलं. वीस वर्षं मी अख्ख्या तालुक्याच्या छात्या काढल्या, बापाची पहिल्यांदा. उघड्या अंगाचे आबा एवढे लहान दिसतील असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांचे खांदे धरून पुढं केले तर म्हणाले, "थंडगार हाय की रं ही फळी. रोज लोकास्नी अशी चिकटवतो व्हय?"

फिल्म घेऊन वर गेलो. मॅडमनी ती दिव्याच्या पेटीवर लावली आणि पुढं वाकल्या. मला दिसत होतं. खाली दोन्ही कडांना ती वाफ होती, पण थोडी. माझं लक्ष मात्र वर गेलं होतं. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, चांगला मोठा डाग होता. पांढरा, ओढल्यासारखा.

"संपतराव, खालचं आहे ते करोनाचं. थोडं आहे. तेवढं मी इथं सांभाळीन," मॅडम म्हणाल्या. "पण हा वरचा डाग. हा जुना असेल तर काही नाही, वण आहे, राहू दे. पण हाही नवा असेल तर आजार दोन दिवसांत खालून वरपर्यंत चढलाय. मग माझ्याकडं तेवढी मशिनं नाहीत. पुण्याला पाठवावं लागेल." वर आणून बाहेरच्या बाकावर बसवलेल्या आबांना त्यांनी खिडकीतून विचारलं, "आबा, पूर्वी कधी टीबी झाला होता? छातीचं मोठं दुखणं?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"नीट आठवा. तरुणपणी?"

"मॅडम, म्या उभ्या जन्मात सुई..."

मॅडमनी फोन लावले. पुण्याला एका ठिकाणी एक खाट मिळत होती, चार वाजेपर्यंत धरून ठेवतो म्हणाले. त्या दिवसांत अॅम्ब्युलन्समध्ये बसून पुण्याला जाणं म्हणजे काय होतं, हे कुणाला सांगायला नको. बरोबर कुणी नाही. भेट नाही. आत गेल्यावर फोन लागला तर लागला. आमच्या आळीतले दोघं असे गेले होते आणि दोघांचीही फक्त बातमी परत आली होती. मी बाहेर गेलो तसा आबांनी माझा हात धरला. त्यांचा हात तापानं फणफणला होता. "संपत, काय बी कर, मला फाट्याच्या फुडं नेऊ नको. मरायचं आसंल तर हितं मरतो, मानसं तरी वळखीची हायती." मी म्हणालो, मरायची भाषा कशाला करता. 

जुनी फिल्म असती तर शेजारी लावून पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण ज्या माणसानं जन्मात सुई टोचून घेतली नाही, त्याची जुनी फिल्म कुठून यायची? आबांचे दोन कपडे आणि आधार कार्ड आणायला मी घराकडं गाडी हाणली.

आई चुलीपुढं होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डाग, खाट, चार वाजेपर्यंतची वेळ. ती धोतर आणि बंडी पिशवीत भरू लागली. घडी घातली, मोडली, परत घातली. मग पिशवी खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "त्यांना टीबी व्हता."

"काय?"

"लग्नाच्या आधी. पेठला मामाकडं ऱ्हाऊन औषध घेतलं व्हतं. ह्या गावात कुनाला ठावं नाय. मला ठावं हाय, ह्ये त्यांना ठावं नाय."

 चाळीसहून अधिक वर्षांचा संसार! दोघंही एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होते. त्याला वाटतंय तिला माहीत नाही, आणि तिला माहीत असून ती कळू देत नाही. सरकारी कचेरीतसुद्धा असा कारभार नसेल. मी म्हणालो, "आई, काही कागद? पावती? फिल्म?"

"फिल्म व्हती. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, तळाच्या कागदाखाली."

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि लगेच आठवलं. ती गंजकी पेटी गेल्या दिवाळीत मीच भंगारात दिली होती. आबांनाही वाटत असणार की फिल्म पेटीबरोबर गेली, म्हणून तर एवढ्या धडधडीत न्हाई म्हणाले.

"भंगारात नाय गेली," आई म्हणाली. "पेटी द्यायच्या आधी म्या काढून घेतली. मग ठिवायची कुठं? तुझ्या नव्या कपाटाला तर काचच हाय समद्या बाजूनं. मग तू गोनी आनलीस छात्यांची. म्हनलं, फिल्म फिल्मांत खपून जाईल. नावाचा कोपरा कातरला आन् दिली तुझ्या हाती. तूच टांगली."

आता बोला! ज्या एका फिल्मवर माझ्या बापाचं पुणं ठरायचं होतं, ती मी स्वतःच्या हातानं बाजरीत, उन्हात, पाखरांच्या हवाली केली होती. "कुठल्या रांगेत?" मी ओरडलो. "मला काय ठावं? टांगल्यात तू!" तीही ओरडली.

आम्ही पळालो. भर दुपारची वेळ, बाजरीत वारा नाही, अंगाला पातं लागून खाज सुटलेली, फुलोरा नाकातोंडात. शेजारच्या उसात त्या आठवड्यात बिबट्या दिसला होता म्हणून आईनं काठी घेतलेली. ती एका टोकानं, मी दुसऱ्या टोकानं. एकेक छाती धरायची, कोपरा बघायचा, सोडायची. नाव आहे. नाव आहे. हिलाही नाव आहे. माझ्या धंद्यात नाव नसलेली फिल्म म्हणजे मोठा गुन्हा, आणि त्या दिवशी मी देवाला हात जोडून तोच गुन्हा मागत होतो. पाखरं आमच्या डोक्यावर निवांत जेवत होती.

दगडूभाऊ बांधावर आले. तोंडाला उपरणं, सहा हातांवरून ओरडून विचारतात, "काय हारवलं?" मी म्हणालो, कोपरा कातरलेली फिल्म. आबांची. त्यांनी एक शब्द जास्त विचारला नाही, चप्पल काढून त्यांच्या बाजूनं बाजरीत शिरले. थोड्या वेळानं हाक आली, "संपत, घावली!" मी कणसं तुडवत धावलो. त्यांच्या हातात त्यांचीच छाती. "नाय, ही माझीच हाय. पर बघ की जरा, ऊन लागून काय बिघाड झाला नसंल ना?" मी त्यांना काय बोललो ते इथं लिहीत नाही. आई तिकडून म्हणाली, "भाऊजी, तुमची छाती ठणठणीत हाय, म्हनून तर येवढा आवाज निघतोय. फुडं बघा."

फिल्म मिळाली ती कालव्याच्या बाजूला, अगदी शेवटच्या काठीवर. आईलाच दिसली. जुन्या काळची जाड फिल्म, कडा पिवळ्या पडलेल्या, एक कोपरा कात्रीनं तिरका उडवलेला. मी ती उन्हाकडं धरली. वर, उजवीकडं, डाग होता! पण खालीही दोन-तीन मोठे पांढरे डाग होते. मग आईनं पदरानं खालचा एक डाग पुसला आणि तो निघून गेला. पाखरांनी आपलं काम केलं होतं. नको तिथं, पण मनापासून.

आईला मागं बसवून फाट्यावर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. अॅम्ब्युलन्स दाराशी उभी होती, ड्रायव्हर सावलीत बसून पाणी पीत होता. आईला वर येऊ देईनात. आबांना ठेवलं होतं ती खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, जिन्याच्या सज्जाकडं तिची खिडकी. आई त्या सज्जात जाऊन उभी राहिली, पदर तोंडावर घट्ट धरून. मी तो पांढरा झगा चढवून आत गेलो.

मॅडमनी दोन्ही फिल्मा शेजारी लावल्या. जुन्या फिल्मवरच्या एका ठिपक्याला नखानं खरवडून बघितलं आणि माझ्याकडं पाहिलं. "साळुंकी," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. पट्टी घेऊन डाग मोजला, नव्याचा, मग जुन्याचा. बरगड्या मोजल्या, तिसरी, चौथी. डागातून निघालेला एक बारीक धागा होता, मानेकडं गेलेला, तो दोन्हींत सारखा होता. तेवढा वेळ मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो, ते चालत नव्हतं की माझे डोळे चालत नव्हते, काय की.

"तोच आहे. केसाचाही फरक नाही," मॅडम म्हणाल्या. "टीबी बरा झाल्याचा वण आहे हा, किती तरी वर्षांचा. अॅम्ब्युलन्सला सांगा जा, दुसऱ्या कुणाला खाट देऊन टाका. आबा इथंच राहतील."

मी तिथं, झगा घालून, रडलो. चष्म्यावर वाफ धरली आणि पुसता येईना. आबा अकराव्या दिवशी चालत घरी आले, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण माझ्या मनात तो अकरावा दिवस एवढा नाही. हा दिवस आहे, दुपारचे पावणेचार, आणि मी दोन्ही फिल्मा हातात धरून आबांच्या खाटेशी गेलो ती वेळ.

"आबा, पुणं टळलं," मी म्हणालो.

आबांनी डोळे मिटले, हात जोडले. मग डोळे उघडले आणि माझ्या हातातली जुनी फिल्म बघितली. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क त्यांनी बाजूला केला. "ही कुठं घावली?"

मी काही बोलायच्या आत खिडकीतून आवाज आला. "पेटीत घावली. लग्नाच्या दुसऱ्या वर्साला."

आबांनी मान वळवली. आई गजाला धरून उभी. मी माझ्या बापाला कधी एवढं घाबरलेलं बघितलं नव्हतं. करोनालासुद्धा नाही. "मंजी... तुला समदं ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मग इतकी वर्सं बोलली का नाय?"

"तुमी बोललात का?" आई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. खिडकीला कान लावल्यासारखे आबा तिकडं झुकले. "पयलं वरीसभर तुमी माझ्याशी धड बोलला नाय. निजायला ओसरी, प्यायला येगळा तांब्या, जवळ आले की तोंड फिरवायचा. मला वाटलं, म्या काळी, म्या यांना पसंत नाय. लई रडले. मग एक दिस ठरवलं, आता माहेराला जायाचं, परत यायाचं नाय. कपडं काढाया पेटी उघडली, तळाचा कागद फाटला आन् ही घावली. तशीच माहेरी गेले आन् तिथल्या नर्सबाईंना दावली. त्या म्हनल्या, छातीचा रोग हाय, दुसऱ्याला लागू नये म्हनून मानूस लांब ऱ्हातो."

आबांनी ती जुनी फिल्म माझ्या हातातून घेतली आणि पांघरुणावर ठेवली.

"नवऱ्याला टीबी हाय म्हनून हरखून गेलेली बाई समद्या तालुक्यात म्या येकलीच असंन," आई म्हणाली. "परत आले, कपडं पेटीत ठिवलं आन् पुरन घातलं. तुमी जेवताना इचारलं, आज कसला सन? म्या म्हनलं, असंच."

आबा हसायला लागले. खोकल्यातून हसू, हसण्यातून खोकला, डोळ्यांतून पाणी. बोटावरच्या यंत्रातला आकडा खाली घसरला, ते टीं टीं वाजायला लागलं आणि मॅडम धावत आल्या. मास्क तोंडावर दाबला, मला बाजूला ढकललं आणि खिडकीकडं बघून कडाडल्या, "आजी, खिडकीतून बाजूला व्हा बघू! पेशंटला हसवायचं नाही. घरी जा तुम्ही आता."

आई गजावरचा हात काढायला लागली. आबांनी मॅडमचा हात धरला, मास्क पुन्हा बोटभर वर उचलला आणि एकेक शब्द दमानं म्हणाले, "हसत नाय मॅडम. पर तिला जाऊ देऊ नका."